भिंगरीची ओळ

दोर वळायला दोघी लागतात. एकीनं बसून चाक फिरवायचं आणि दुसरीनं कमरेला वाखाची, म्हणजे घायपाताच्या तंतूंची, जुडी बांधून, बोटांतून धागा सोडत, चाकाकडे तोंड ठेवून उलटं चालत जायचं. चाक थोरलीकडे होतं. उलटं चालणं धाकटीकडे. धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ते तसंच चाललं होतं आणि दोघी जावांनी त्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. थोरलीची पाठ दुखली की ती मोठ्यानं कण्हायची, धाकटीच्या टाचा फुटल्या की ती गुपचूप तेल चोळायची, एवढंच.

दोर वळायची लांबलचक पट्टी शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होती. भिंतीत तीन खिडक्या. धाकटी चाकापासून मागं सरकू लागली की आधी पहिली खिडकी यायची. तिच्यातून फळा दिसायचा आणि पहिली ओळ दिसायची. पहिल्या ओळीत थोरलीची लेक, ठकी. तिला ठकी म्हणत कारण ती लाकडाच्या बाहुलीसारखी बसवाल तिथं बसायची. मग दुसरी खिडकी, नुसती डोकी. मग तिसरी. तिसऱ्या खिडकीत शेवटची ओळ, आणि त्या ओळीत एक जागा बहुतेक वेळा रिकामी. ती धाकटीच्या लेकीची. तिला कुणी भिंगरी हे नाव ठेवलं नव्हतं, ते तिनंच चालायला लागल्या दिवशी मिळवलं होतं.

"काय दिसतं गं?" थोरली चाकावरून विचारायची.

"काय दिसायचंय. पोरं आहेत."

"भिंगरी कुठाय?"

"बाकावर."

भिंगरी दाराबाहेर उभी असायची. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, मग दाराच्या कडीला लोंबकळत.

त्या साली ढग नुसते येऊन बसले होते. पडत नव्हते की सरकत नव्हते. वाख सुकेना. ओल्या वाखाचा धागा बोटांना बुळबुळीत लागायचा आणि जरा ताण पडला की मधेच सुटायचा. दोघींचे नवरे माळावर घायपाताची पानं सोलायला गेलेले, ते आठवड्यातून एकदा यायचे आणि आले की आधी दोर किती झाला ते बघायचे. ऊन पडेल तेवढ्या वेळात वळून घ्यायचं, बाकी वेळ वाट बघायची. वाट बघत बसलं की जावाजावांची तोंडं सुटतात.

"आमची ठकी बाई, जन्मली तेव्हापण रडली नाही," थोरली म्हणायची. "सुईणीनं चापट मारली तेव्हा कुठं 'आँ' केलं. तेही एकदाच."

धाकटी वाख पिंजत राहायची. रात्रीच्या जेवणाला ठकी मांडी घालून बसते, घास चावते, पाणी पिते, ताट उचलते. आपली एक घास तोंडात, एक हातात आणि एक घास जिथं ती मघाशी होती तिथं. धाकटीनं एकदा तिला मांडीत घट्ट दाबून धरलं होतं. पोर ओरडली नाही, फक्त तिच्या अंगात काहीतरी थरथरत राहिलं, मुठीत धरलेल्या चिमणीसारखं. धाकटीनंच भिऊन हात सोडले होते.

शाळेत ओळींचा नियम होता. सरांनी लावलेला. ज्या ओळीत कुणी हललं नाही, बोललं नाही, ती ओळ मधल्या सुट्टीत आधी बाहेर. आणि चेंडू तिचा. शाळेत चेंडू एकच, चामड्याचा, एका बाजूला टाके उसवलेला. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी जी ओळ जिंकेल ती चेंडू घरीच घेऊन जाणार. एक जरी हलला तरी अख्खी ओळ गेली.

भिंगरीच्या ओळीला चेंडू कधी मिळालाच नव्हता.

"माझ्यामुळं नाही," भिंगरी घरी येऊन सांगायची, उंबऱ्यावरून आत आणि आतून बाहेर उड्या मारत. "मी बसलेच होते. पाय गेले."

"पाय कसे जातात एकटे?"

"जातात."

त्या ओळीत सुताराची लेक होती. मोठ्या हाडाची, तोंडाची फटकळ. तिनं भिंगरीच्या आणि आपल्या मधे दप्तर उभं करून ठेवायला सुरुवात केली. मग पलीकडच्या चष्मेवाल्यानंही केलं. दोन दप्तरांच्या मधे भिंगरी, बैलाला दावणीला उभं करतात तशी. धाकटीला ते तिसऱ्या खिडकीतून दिसायचं आणि पुढचा सगळा धागा जाड पडायचा.

"झोप लागली का?" थोरली ओरडायची. "दोराला पोट आलंय!"

मग सर बदलून गेले आणि बाई आल्या. बारीक चणीच्या, आवाज बसलेला, चप्पल फटफट वाजवत चालणाऱ्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शाळा सुटताना धाकटीला थांबवलं. धाकटीला वाटलं, आता नाव काढून टाकणार. ती आधीच बोलून मोकळी झाली.

"बाई, मारा तिला. माझी काही ना नाही. मारून मारून बसवा, पण काढू नका."

"मारून बसायची असती तर सरांनीच बसवली असती," बाई म्हणाल्या. "घरी काय काम करते ती?"

"काम? ती काय काम करणार? केलेलं मोडते."

"बरं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या खिडकीत वेगळंच दिसायला लागलं. भिंगरी फळा पुसतेय. भिंगरी वह्या वाटतेय. भिंगरी रिकामी कळशी घेऊन धावत गेली आणि भरलेली घेऊन, जीभ बाहेर काढून, एक थेंब न सांडता परत आली. मग बसली. थोडा वेळ. पुन्हा उठायच्या बेताला आली की बाई शिकवता शिकवता म्हणायच्या, "भिंगरी, घंटेवाल्या मामांना विचारून ये बरं किती वाजले." ती गेली की आली. वर्गात उठणं तेच, पण आता त्याला कुणी हलणं म्हणत नव्हतं, काम म्हणत होते.

पहिल्यांदा नाकाला मिरच्या झोंबल्या त्या थोरलीच्या.

"चांगलं आहे," ती चाक गरागरा फिरवत म्हणाली. "जे पोर दंगा करतं त्याला मान. आमची बिचारी हाताची घडी घालून बसते तर तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. काल रडली ती."

"ठकी रडली?" धाकटीला खरंच आश्चर्य वाटलं.

"मग? म्हणते, मला पण फळा पुसायचाय. बाई म्हणाल्या, तू छान बसतेस ना, तू बस."

धाकटी वरवर च्च च्च म्हणाली. आत मात्र तिला इतकं गोड वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. त्या रात्री तिनं भिंगरीला पोळीवर जास्तीचं तूप घातलं.

पण ते गोड फार टिकलं नाही.

"बाई म्हणतात, श्वास मोजायचा," भिंगरी म्हणाली. "बाई म्हणतात, पाय गेले तर जाऊ द्यायचे, फक्त बाकाखाली. बाई म्हणतात, माझे हात हुशार आहेत." एक दिवस ती घट्ट, सरळ वेणी घालून आली. धाकटी सकाळी कंगवा घेऊन तिच्यामागं अंगणभर फिरायची तेव्हा कशीबशी अर्धी वेणी व्हायची.

"कुणी घातली?"

"बाईंनी."

"आणि तू बसलीस?"

"हो. बाई गोष्ट सांगत होत्या."

"मी सांगत नाही का गोष्ट?"

भिंगरीनं विचार केला. "तू सांगतेस तेव्हा ओरडतेस," ती म्हणाली आणि दारातून पळाली.

धाकटीनं ती वेणी रात्री सोडली. गुंता नव्हता तरी कंगवा फिरवत बसली. पोर झोपली होती म्हणून बसू देत होती.

त्यानंतर धाकटीचं लक्ष दोरात राहिलं नाही. पहिली खिडकी, दुसरी खिडकी, तिसरी. आता जागा रिकामी नसायची. भिंगरी बसलेली असायची, डोळे बाईंकडे, हात बाकाखाली काहीतरी करत. एकदा बाई शिकवत शिकवत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या आणि त्यांनी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. अख्खी कविता होईपर्यंत पोरगी हलली नाही. धाकटीनं नऊ महिने पोटात वाढवली तेव्हासुद्धा ती इतका वेळ हलल्याशिवाय राहिली नव्हती.

कोण कुठली बाई. काल आली, उद्या बदलून जाईल.

तो आठवड्याचा शेवटचा दिवस होता. शेवटचा तास. भिंगरीची ओळ सकाळपासून गेली नव्हती. ही गोष्ट धाकटीला ठाऊक होती, कारण मधल्या सुट्टीत भिंगरी खिडकीशी येऊन ओरडून सांगून गेली होती, "आई, आज आमचा चेंडू! सुताराची म्हणाली, दप्तर काढते!" आणि खरंच सुताराच्या लेकीनं दप्तर खाली ठेवलं होतं. चष्मेवाल्यानंही. सगळी ओळ श्वास धरून बसली होती.

धाकटी उलटी चालत तिसऱ्या खिडकीशी आली. बाई भिंगरीजवळ उभ्या होत्या, हात पाठीवर. भिंगरीनं मान तिरकी करून बाईंच्या हाताला गाल लावला.

धाकटीचे पाय थांबले. चाक फिरतच होतं. धाग्यात पीळ चढत गेला, चढत गेला, आणि धागा अंगावर धावून आल्यासारखा वेटोळी घेऊ लागला.

"भिंगरे!" तिनं खिडकीला तोंड लावून दबक्या आवाजात हाक मारली. कशाला मारली ते तिला माहीत नव्हतं. माहीत होतं. आपण हाक मारली तर येते की नाही, एवढंच बघायचं होतं.

भिंगरी आली. बाक ओलांडून, चष्मेवाल्याची पाटी पाडून, दारातून, वळसा घालून, धापा टाकत. "काय गं आई?"

खिडकीतून सगळा वर्ग बघत होता. पाटी फुटल्याचा आवाज अजून कानात होता. कुणीतरी मागून म्हणालं, "गेली ओळ."

"काय झालं आई?"

धाकटीनं पदर पुढं केला. "नाक पूस," ती म्हणाली.

चाकाकडून थोरलीचा आवाज आला, "तुटला ना दोर! अगं, डोळे कुठं विकलेस?"

चेंडू पहिल्या ओळीला गेला. ठकीकडे. ठकीनं तो रविवारच्या सुट्टीभर घरच्या कोनाड्यात ठेवला, कारण तिच्याशी खेळायला कुणी आलं नाही आणि एकटीनं खेळायचं तिला सुचलं नाही. भिंगरी त्या कोनाड्याखालून दिवसभर ये-जा करत होती, पण हात लावला नाही.

"माझे पाय गेले," एवढंच ती म्हणाली. हाक आईनं मारली हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकटीला ते ठकीकडून कळलं. "काकू, ती म्हणाली मला लघवीला लागली होती. सगळे हसले."

त्या रात्री धाकटीनं आपलं ताट न जेवताच उचललं.

सुट्टी संपली तेव्हा दोन्ही दप्तरं पुन्हा उभी राहिली होती. आता पुढच्या बाकावरच्या पोरानंही आपलं दप्तर मागं लावलं होतं. भिंगरीनं कळशी आणायला नकार दिला. बाईंनी पाठीवर हात ठेवला तर तिनं खांदा झटकला. मग ती उठली, आपणहून दाराबाहेर गेली आणि तिथं उभी राहिली.

धाकटीनं कमरेची जुडी सोडली.

"कुठं निघालीस?" थोरली म्हणाली. "ढग पांगतायत बघ. ऊन येईल आता."

"आलेच."

शाळेच्या दारात ती चप्पल काढून उभी राहिली. भिंगरीला आत ढकललं. वर्ग उठून उभा राहिला, मग बसला. बाई खडू हातात धरून थांबल्या.

"मला पोरांशी बोलायचंय," धाकटी म्हणाली. मग तिला दिसलं की सगळी पोरं तिच्या पायांकडे बघतायत. भेगाळलेले, वाखाची कुसं चिकटलेले. तिनं एक पाय दुसऱ्यामागं लपवला. "परवा ओळ हिनं मोडली नाही. हाक मी मारली. आईनं हाक मारल्यावर पोरानं काय करायचं?"

"का मारली हाक?" सुताराच्या लेकीनं विचारलं.

"ए, असं विचारायचं नसतं," बाई म्हणाल्या.

"उगाच मारली," धाकटी म्हणाली. बाईंकडे न बघता. "चुकलंच माझं."

चष्मेवाला हळूच म्हणाला, "पाटी फुटली माझी."

"पाटी मी आणून देईन, बाळा."

"मग शिक्षा कुणाला?" सुताराची लेक. "शिक्षा तर लागते."

बाई काही बोलणार होत्या, पण धाकटी आधीच मागं सरकली होती. उलटं चालायची सवय. दाराच्या चौकटीशी, जिथली माती भिंगरीच्या पायांनी गुळगुळीत झाली होती, तिथं जाऊन ती उभी राहिली. "मला. इथं, तास संपेपर्यंत."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एवढी मोठी बाई शिक्षेला उभी राहिलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. हसावं की नाही ते ठरेना. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि गणित घातलं.

तेवढ्यात ऊन पडलं. कितीतरी दिवसांनी, चक्क, पिवळंधमक. धाकटीला पाठीवर त्याची ऊब लागली आणि जीव कासावीस झाला. तिकडे सगळा वाख ओला पडलाय. तिचे पाय वळवळायला लागले. एक मागं गेला, तिनं पुढं आणला. दुसरा गेला.

"बाई, काकू हलल्या!"

"हलल्या, हलल्या!"

धाकटीनं पाय दाबून धरले. पोटऱ्यांत मुंग्या आल्या. नुसतं उभं राहणं इतकं अवघड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. सगळं अंग म्हणत होतं, चल, आणि डोकं म्हणत होतं, थांब. ही पोर हे रोज करते, अन् वर आपला मार खाते.

भिंगरी बाकावरून सुळकन खाली उतरली, दोन दप्तरांच्या फटीतून रांगत आली आणि तिनं आईच्या मुठीत काहीतरी कोंबलं. "हे बोटात धर. वळ आणि सोड. वळ आणि सोड. मग पाय राहतात."

धाग्याचा तुकडा होता. घामानं काळा झालेला. धाकटीनं तो नुसता चाचपला आणि ओळखला. तो पीळ तिच्या हातचा होता.

"कुठून आणलास?"

"खिडकीखालून. बाईंनी दुसरा दिला होता, विकतचा. तो घसरतो," भिंगरी कुजबुजली. "आपला चांगलाय."

धाकटीनं मान खाली घातली. धागा वळला, सोडला. वळला, सोडला.

पहिल्या खिडकीत थोरलीचं तोंड उगवलं, घामानं लाल झालेलं. "धाकटे! ऊन आलंय आणि तू इथं शाळा शिकायला बसलीस?"

"बसले नाही ताई. उभी आहे. शिक्षा झालीय."

वर्ग खो खो हसला. थोरली आणखी भडकली. "शिक्षा? अगं, तुझ्या त्या भिंगरीपायी..."

"आई, ओरडू नको ना," ठकी म्हणाली. ती पहिल्या ओळीत हाताची घडी घालून, न हलता, पण रडवेली होऊन बोलत होती. "आमची ओळ जाईल."

"गेलीच!" सुताराची लेक उभी राहिली. "तिची आई बोलली!"

"आईमुळं ओळ कशी जाईल?" ठकीचा आवाज एवढा मोठा येतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. "आई काय ओळीत बसते का?"

"मग आमची परवा का गेली?"

चष्मेवाल्यानं चष्मा वर सरकवला. "एक तर दोन्ही ओळी गेल्या," तो सावकाश म्हणाला, "नाहीतर दोन्ही नाही."

बाईंनी खडू ठेवला. "ठरवा तुम्हीच."

गलका झाला. नियमाबाहेरचा, सगळ्या ओळींचा. शेवटी सुताराच्या लेकीनं बाकावर थाप मारून निकाल दिला, "आयांचं धरायचं नाही! परवाचा चेंडू आमचा!"

ठकीनं दप्तरातून चेंडू काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. मधल्या सुट्टीची घंटा झाली. शेवटची ओळ पहिल्यांदाच आधी उठली. सुताराच्या लेकीनं आपलं दप्तर उचललं, पाठीला अडकवलं आणि भिंगरीचा दंड धरला. "चल गं. चेंडू लांब गेला की तूच आणायचा. तुझ्याएवढं कोण पळतंय."

भिंगरी दारातून गेली. धाकटीच्या अगदी अंगाला घासून, पण तिच्याकडे न बघता. बाईंकडेही न बघता.

दोघी बायका रिकाम्या दाराशी उभ्या राहिल्या.

"तुमच्यामुळं बसायला लागली," धाकटी म्हणाली. म्हणताना जड गेलं.

"माझ्यामुळं कुठं. तुमचा धागा," बाई म्हणाल्या. "घरी गेली की सगळं तुमचंच. मला संध्याकाळी कोण असतं?"

धाकटीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग चप्पल घातली आणि पळाली. ऊन वाट बघत नसतं.

थोरलीनं एकटीनंच सगळा वाख उन्हात पसरला होता. ती चाकावर बसली होती, फिरवत नव्हती.

"झाली ना तुझी आता चेंडूवाली," ती म्हणाली. आवाजात धार होती, पण बोथट. "आमची बघ. बसलीय अजून."

धाकटीनं पहिल्या खिडकीत पाहिलं. वर्ग रिकामा. पहिल्या ओळीत ठकी एकटी, हाताची घडी तशीच, मैदानाकडे बघत. तिला कुणी दंड धरून नेलं नव्हतं. जिला कधी उठवावं लागलं नाही, तिला उठ म्हणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

हाक मारावी म्हणून धाकटीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

तिनं वाळत घातलेल्या वाखातून चिमूटभर ओढला, मांडीवर ठेवून तळव्यानं वळला, वीतभर, मऊ. जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग चाकाशी येऊन कमरेला जुडी बांधली.

"काय करत होतीस तिकडं?"

"काही नाही ताई. फिरवा चाक."

चाक फिरलं. ती मागं सरकू लागली. पहिल्या खिडकीशी आली तेव्हा आतून एक लहान हात आला, आखूड नखांचा, स्वच्छ. जरा घुटमळला. मग धागा आत गेला.